नेहरू गेल्यानंतर

नेहरू गेल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा लीया कांदा चिरत होती. तिचा हात थांबला नाही. दोन महिन्यांपूर्वी तिची सहा वर्षांची हाना तापाने गेली, इस्रायलच्या वाळवंटात, डिमोनाच्या माळावर तिला पुरलं, आणि तेव्हापासून कुठलीच गोष्ट लीयाच्या आत शिरत नव्हती.

तिचा नवरा शिमोन मात्र ताडकन उठून उभा राहिला. इस्रायलला येण्याआधी मुंबईच्या गिरणीत तो जॉबर होता, कामगार त्याच्या हाताखाली असायचे. इथे कापडाच्या कारखान्यात गाठी उचलायचा; लीयाही तिथेच पाळीला जायची. मुंबईला परत जायचं त्याच्या मनात कधीपासून घोळत होतं.

लीयाचा धाकटा भाऊ अहरोन जेवायला आला होता. तो म्हणाला, "दाजी, आता इंडिया संपला. चिन्यांनी आधीच मारलाय. आता आपसांत भांडतील, मग लष्कर येऊन बसेल. खायला दाणा नाही, अमेरिकेचा गहू खातात."

"लष्कर यायचं नाही," शिमोन म्हणाला. "मतं टाकायची सवय लागलीय लोकांना. दुसरा कोणी बसेल खुर्चीवर, निमूट. धरणं झालीत, पोलादाचे कारखाने झालेत."

"ते इथेही होतंय. वाळूत गाव उभं राहिलं की नाही?"

"राहिलं. पण लग्न ठरलं की धर्माचे रब्बी आपल्याला विचारतात, तू खरा ज्यू कशावरून, तुझी आजी कोण, पणजी कोण. मुंबईत कुणी विचारलं होतं?"

लीयाने दोघांना वाढलं. दोघांपैकी कुणीही तिला काही विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी दिल्लीत नवे पंतप्रधान आले. गोळी झाडली गेली नाही. शिमोनने अहरोनला टोचलं नाही. एवढंच म्हणाला, "तिकिटांचं बघतो."

"मी नाही येत," लीया म्हणाली.

"का?"

"हाना इथे आहे."

"इथे राहून ती परत येणार आहे का?"

"नाही."

ती रडेल, चिडेल, मग समजूत घालता येईल, म्हणून शिमोन थांबला. ती भांडी घासायला उठली.

ऑगस्टमध्ये तो एकटा निघाला. अहरोनने त्याची ट्रंक बसवर चढवली. खिडकीतून शिमोन म्हणाला, "बस्तान बसलं की बोलावतो. येशील?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

बस धूळ उडवत गेली. "बाय, दाजी येतील परत," अहरोन म्हणाला. "तिथे काय ठेवलंय?"

हा अजून तेच इंडियाचं भांडण भांडतोय, एवढं तिच्या लक्षात आलं. तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि दुपारपाळीला कारखान्याकडे चालू लागली.