रिचार्ज संपलेला गुरुवार

विजेचं बिल आलं की भामाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि तो सगळा सुनेच्या, मायाच्या अंगावर. "दोन बल्ब आन् एक पंखा, तरी एवढं बिल? तुजी शिलाई मशीनच खातीया लाईट." शेवटी म्हातारीने मशीनची मोटर काढून पेटीत घातली आणि कुलूप लावलं. माया पायाने मशीन मारू लागली. बिल तरी तेवढंच. मग म्हातारी म्हणाली, ही माझ्यामागं मोबाईलच चार्जिंगला लावत बसत असंल.

गावात रिचार्जचे मीटर आले तेव्हा शेजारी राहणारा मायाचा चुलत दीर बिराप्पा मुद्दाम ओट्यावर येऊन बसला. "वयनी, त्ये मीटर घिऊ नगा. पैसं संपलं की अंधार. जुनंच बरं. आधी वापरायचं, मग भरायचं."

बिराप्पाने फुकट सल्ला आजवर कुणाला दिला नव्हता. मायाला तिथेच शंका आली. तिने मुंबईला नवऱ्याला फोन केला आणि रिचार्जचंच मीटर बसवून घेतलं.

जुन्याचं बिल महिन्याने यायचं. मधल्या तीस दिवसांत कोण काय खाऊन गेलं, कुणाला कळणार? नव्याचा वापर रोज मोबाईलवर दिसायचा. एकदा दोघी घर बंद करून कवठे महांकाळला दवाखान्यात गेल्या. घरात साधा दिवासुद्धा चालू नव्हता. माया परत येऊन मोबाईलवर बघते तर रोजच्याएवढीच वीज जळालेली. मायाने शिडी लावली. पत्र्याखाली त्यांच्या मेन स्विचच्या वायरीला एक काळी वायर जोडली होती. ती सामाईक भिंतीतून पलीकडे गेली होती, बिराप्पाच्या कडबाकुट्टीला. त्याच मशीनवर तो गावाचा कडबा कापून पैसे घ्यायचा.

"तोड ती वायर," भामाबाई म्हणाली.

"तोडली तर उद्या म्हणंल, माजी नव्हतीच. ऱ्हाऊ द्या."

दोन वर्षं मुकाट ऐकलेलं मायाच्या पोटात साचलं होतं. नुसती वायर तोडून ते निवणार नव्हतं. तिने रिचार्ज करणंच बंद केलं.

गुरुवारी भर दुपारी कुट्टीला गर्दी होती. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. कडब्याची पेंढी तोंडात असतानाच मशीन थांबली. बिराप्पाने फ्यूज बघितला, मोटरीवर दोन थापा मारल्या.

"आरं, घरात तुजा टीव्ही चाललाय, आन् मशीन कशी बंद पडली?" कडबा घेऊन ताटकळलेल्या म्हाताऱ्या बाळासोने विचारलं.

माया ओट्यावर आली. "आवं बाळासोदादा, आमचा रिचार्ज संपलाय. आमचा संपल्यावर भावजींची मशीन का थांबली, त्ये त्यास्नीच इचारा. न्हाईतर शिडी लावलीया, तुमीच बगा."

बाळासो चढला आणि वरूनच म्हणाला, "वायर हिच्या मेनातनं गेलीया की रं, बिराप्पा."

लोक हसले. बिराप्पाचं तोंड एवढंसं झालं. तो मायाजवळ येऊन हळूच म्हणाला, "वयनी, घरातली गोष्ट हाय. रिचार्ज टाका, पैसं मी देतो."

आत भामाबाई घामाने भिजली होती. "टाक गं आता. जीव चाललाय उकाड्यानं. समद्यांनी बगितलं की."

मायाने रस्त्याकडे पाहिलं. डोक्यावर कडब्याचे भारे घेतलेले आणखी पाच-सहा जण येत होते. तिने शिडी पुन्हा नीट टेकवली.

"जरा दम धरा, आत्याबाई," ती म्हणाली. "आजून लोक यायचं हायती."