कनातीपलीकडचं हसू

कपाटवाल्या पिच्चरला अख्खं भडगाव हसलं. मी एकटीच अशी करंटी, की हसायला म्हणून गेले आणि जळत घरी आले. सिनेमाचं खरं नाव निराळं होतं, चांगलं लांबलचक, पण आमच्याकडे सगळे त्याला कपाटवालाच म्हणत. एकोणसत्तर सालचा हिवाळा होता. गिरणा नदीच्या काठी टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता, आणि संध्याकाळच्या पहिल्या खेळाला बाया जेवणंखाणं आटोपून, सतरंज्या काखेत मारून निघत.

तंबूत मधोमध कनात असे. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, पडदा दोघांना एकच. दारापर्यंत जोडीने आलेली माणसं आत शिरली की वेगळी. अंधारात आपला माणूस कुठे बसलाय ते दिसत नाही, पण तो हसला की कळतं. आमच्या ह्यांचं हसू तर मी हजारात ओळखीन. आधी घशात घरघर, मग तीन ठोके, थांबून परत एक.

आमचे हे, म्हणजे तोताराम, एसटीत कंडक्टर. भडगाव-धुळे गाडी त्यांची. दुपारी तीनला निघायचं, रात्री धुळ्याच्या डेपोत मुक्काम, सकाळी परत. असं एक दिवसाआड. नवरा एक दिवसाआड परगावी झोपणार म्हटलं की बायकोच्या डोक्यात काय काय येतं ते मला विचारा. त्यात त्या गाडीला महिन्यातून एकदा राजकुंवर असायची.

राजकुंवर म्हणजे शेजारच्या धनकुंवरबाईंची सून. मारवाडी घर, कापडाचं दुकान, दारात कायम रांगोळी. सून पंचविशीची, केतकीसारखी गोरी, बोलणं असं हळू की ऐकायला माणसाने वाकावं. माहेर धुळ्याचं. तिच्या आईला लकवा झाला होता, म्हणून महिन्याला दोन दिवस सासू तिला धाडायची. एकटी सून गाडीने जाणार, तर धनकुंवरबाई स्वतः स्टँडवर येऊन ह्यांना सांगायच्या, भाऊ, लक्ष असू द्या. आणि भाऊ कसलं लक्ष ठेवायचे. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं तिच्यासाठी रुमाल टाकून धरायचे. मी बारा वर्षं संसार केलेली बायको, मला कधी रुमाल टाकला नाही. एकदा मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, तू कुठे जातेस गाडीने? आता ह्याला काय उत्तर द्यायचं?

तर त्या संध्याकाळी राजकुंवर माझ्याच सोबतीने तंबूत आली होती. धनकुंवरबाईंकडे सिनेमा म्हणजे पापच, पण पिच्चर घरगुती आहे असं गावभर झालं होतं आणि कुंदाबाई बरोबर आहेत म्हटल्यावर त्यांनी हो म्हटलं. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं, म्हणून ती माझ्या आधी तयार. जांभळी साडी नेसली होती. मी माझ्या साडीच्या निऱ्या तीनदा घातल्या, तरी मनासारख्या बसल्या नाहीत.

पिच्चर असा होता. एक वकील असतो, देखणा. बायको विहिरीत पडून मेलेली. आई त्याचं दुसरं लग्न लावून देते. नवी नवरी लाडाची, विहिरीपाशीच दोघं गाणी म्हणतात. बाकी सगळं गोड, पण माडीवरची खोली कायम कुलपात. पितृपक्षात पहिलीच्या नावाने खिरीची वाटी माडीवर ठेवतात, ती सकाळी रिकामी. नवरी घाबरते, प्रेक्षक घाबरतात. आमच्या पुढ्यात गल्लीतली भिकुबाई बसली होती, ती तर देवाचं नाव घेऊन मोकळी झाली.

मग एका दुपारी नवरी किल्ली चोरून माडीवर जाते. आत अंधार. पाळणा करकरतोय. नवरी पुढे होते. पाळण्यात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं. एवढंसं.

आमचं बाळ गोवराने गेलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. अकरा महिन्यांचं होतं. त्यालाही असंच पांढऱ्या फडक्यात दिलं होतं माझ्याकडे, शेवटचं बघायला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगळा तंबू चिडीचूप होता. जनरेटरचा आवाज तेवढा येत होता.

आणि त्या चिडीचूप तंबूत कनातीपलीकडून आमचे हे हसले. घरघर, तीन ठोके, परत एक. अजून नवरीने फडक्याला हातसुद्धा लावला नव्हता. आणि त्यांचं हसू विरतंय न विरतंय तोच माझ्या शेजारी राजकुंवर हसली. हळूच, पण हसली.

पुढच्या क्षणी नवरीने फडकं ओढलं, तर आत लोणच्याची बरणी. कपाटाचं दार उघडलं, आत मेलेली पहिली बायको मांडी घालून बसलेली, आणि म्हणते काय, लोणच्याला हात लावू नकोस, आणि खिरीत साखर कमी असते, सासूबाईंना सांग. तंबू कोसळायचा बाकी राहिला. भिकुबाई ओरडली, "मरेल बाई आपलंच सराध खाई ऱ्हायनी वं!" पुरुषांकडे शिट्ट्या. कुणी म्हातारा उठून हे अभद्र बंद करा म्हणत होता, त्याला खाली बसवत होते. सासूच्या जाचाला कंटाळून पहिलीने मेल्याचं सोंग घेतलेलं, नवऱ्याला ते ठाऊक, पण आईपुढे तोंड उघडायची छाती नाही. शेवटी दोन्ही बायका एक होतात आणि सासूला कपाटात घालून कडी लावतात. तेव्हा बायकांच्या बाजूने अशा टाळ्या पडल्या, आणि पुरुषांची बाजू अशी गप्प झाली, की पुढे चार दिवस गावात त्याचीच चर्चा.

मला त्यातलं काही धड दिसलं नाही. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. विनोद व्हायच्या आधी माणूस हसतो कधी? पुढे काय आहे ते ठाऊक असेल तेव्हा. हा पिच्चर दोन महिन्यांपूर्वी धुळ्याला लागला होता. सातशे माणसांत पुढचं ठाऊक असलेली माणसं दोनच, एक कनातीच्या पलीकडे, एक अलीकडे, आणि दोघं एकाच गाडीने धुळ्याला जाणारी. राजकुंवरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मी तो झटकून टाकला.

परतताना मी ह्यांना साधेपणाने विचारलं, हा तुम्ही आधी पाहिला होता का? नाही म्हणाले. पाहिला असता तर परत कशाला आलो असतो, असंही म्हणाले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला तिथे गिरणेच्या वाळूत गेली. खोटं बोलले नसते तर मी कदाचित गप्प बसले असते. कदाचित.

दुसऱ्या दिवशी हे धुळ्याला गेले आणि मी धनकुंवरबाईंकडे गेले. ओसरीवर त्या मूग निवडत होत्या. मी भांडले नाही, रडले नाही. नुसतं इतकंच म्हटलं, की राजकुंवरला पिच्चर आवडला, दुसऱ्यांदा पाहायला कंटाळा नाही आला तिला. धुळ्याला कुणाबरोबर पाहिला होता ते मात्र विचारायचं राहिलं माझं. त्यांचा मुगातला हात थांबला. मी उठून आले. आणि खरं सांगते, घरी येऊन मी पोटभर जेवले.

राजकुंवर खोटं बोलली नाही, हेच वाईट झालं. सासूने विचारल्यावर म्हणाली, हो, भावजयीबरोबर गेले होते, आई झोपली तेव्हा. आईच्या सेवेला म्हणून धाडलेली सून थेटरात बसते, असं घरात झालं. तिचं धुळ्याला जाणं बंद. त्याच दिवशी बंद. भिकुबाईने मला हे सांगितलं तेव्हा मी वरवर चुकचुकले. भावजयीबरोबर गेले, असं ती म्हणणारच, असं मी मनात म्हटलं.

सकाळी हे आले. मी ताट वाढलं, समोर बसले आणि विचारलं, राजकुंवरला घेऊन थेटरात जायला लाज नाही वाटली? मग मी सगळं बोलले, त्यांचं हसू, तिचं हसू, खोटं बोलणं, रुमालसुद्धा. हे म्हणाले,

"चाळीसगावचं आठवतं तुला?"

आठवत कसं नाही? बाळ गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या भावाने आम्हांला मन रमायला म्हणून चाळीसगावला सिनेमाला नेलं होतं. त्यात एक पोर दगावतं, आणि मी बायकांच्या बाजूला बेशुद्ध पडले होते.

"तू ओरडलीस ते मला ऐकू आलं. दारवाला मला बायकांत शिरू देईना. मी कनातीला धरून उभा होतो," हे म्हणाले. "तेव्हापासून कुठलाही पिच्चर मी आधी धुळ्याला बघून येतो. एकटा. त्यात तसलं काही असलं तर तुला सांगतो, भिकार आहे म्हणे, नको जाऊ. ह्यात तो पाळणा होता, पण आत बरणी होती. म्हटलं तू घाबरशील. तिकडे येता येत नाही, हाक मारता येत नाही. हसलो तर तुला कळेल, असं वाटलं."

मग खोटं का बोललात म्हटलं, तर म्हणाले, सांगितलं असतं तर हे सगळं काढावं लागलं असतं. ते जेवले नाहीत. हात धुऊन झोपायला गेले.

मी चुलीपुढे बसून राहिले. लाज वाटली, आणि लाजेच्याही आत, कबूल करते, आनंद झाला. माणूस माझाच होता. मग राजकुंवर आठवली. तशीच उठून मागल्या दाराने त्यांच्या अंगणात गेले. ती एकटीच पापड वाळत घालत होती. मी काय बोलले ते नीट आठवत नाही, चूक झाली, मी बाईंना समजावते, असंच काहीतरी. तिने पापडावरून नजर काढली नाही.

"मी तुमच्यासाठी हसले होते, कुंदाताई," ती म्हणाली. "तुम्ही पदर तोंडात कोंबला होता. मला वाटलं, दिगूची आठवण आली असेल."

दिगू. तीन वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच. त्याचं झबलंसुद्धा ह्यांनी न बोलता माळ्यावर टाकलं होतं. राजकुंवर लग्न होऊन आली तेव्हा तो जाऊन वर्ष झालं होतं. तिला नाव कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"भाऊंनीच. गाडीत. दर खेपेला सांगतात. तिकिटाचा पंच वाजवला की हसायचा म्हणे. चार दात आले होते."

मी तिथून धनकुंवरबाईंकडे गेले आणि त्यांच्या पाया पडून सांगितलं, दोष माझ्या मनाचा होता, सुनेला जाऊ द्या. त्या म्हणाल्या, थेटरात गेली हे तर खोटं नाही ना? मग बोलणं संपलंच. मी स्वतः तिच्यासोबत धुळ्याला जाईन, असंही म्हटलं. बघू म्हणाल्या. त्यांचं बघू म्हणजे काय ते गावाला ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात राजकुंवर काही गेली नाही.

घरी आले तेव्हा हे उठून पट्टा बांधत होते. एरवी आल्या दिवशी सुट्टी असे, पण त्या दिवशी बदलीची ड्यूटी होती. थैली, तिकिटांची पेटी, पंच, सगळं खाटेवर मांडलेलं. मला वाटलं होतं आता मन शांत असेल. कसलं शांत? थेटरात नेलं असतं तर परवडलं असतं. माझं पोर ह्यांनी त्या पुढच्या बाकड्यावर बसून महिन्याच्या महिन्याला तिला दिलं होतं, आणि मी इथे भिंतीकडे तोंड करून झोपत होते.

"दिगूचं तुम्ही तिला सांगितलंत," मी म्हटलं. "मला का नाही?"

ते पट्ट्याची बक्कल लावत म्हणाले, "ती ऐकून घेते. तिचं कुणी गेलेलं नाही. तुझ्यापाशी काढलं आणि तू चाळीसगावसारखी पडलीस तर?"

"पडले तर पडले. मला सांगा. तिला सांगता तसं सांगा."

ते खाटेवर बसले. पंच हातात घेतला, वाजवला नाही. इकडेतिकडे बघितलं, आणि गाडीत सांगत असतील तशाच आवाजात सुरुवात केली, की फार हसरा होता, चार दात आले होते.

"पाच," मी म्हटलं. "पाचवा आला तेव्हा तुम्ही धुळ्याला मुक्कामाला होतात."

पंच खाली ठेवून त्यांनी विचारलं, कुठला, वरचा की खालचा.