हाराचा फोटो

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात रीत नाही. पण सारखं 'हे' आणि 'ते' म्हणत बसले तर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून सरळ हरीओम म्हणते. वाशीमजवळच्या मालेगावात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि फोटो काढायचा त्याला नाद आहे. धंदा नव्हे, नाद. लग्नाची ऑर्डर घेता का, असं कुणी विचारलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात.

आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी त्याने कॅमेरावाला मोबाइल घेतला आणि तिथून हे सुरू झालं. तेव्हाचे त्याचे फोटो म्हणजे नुसतं हसायचं काम. कुणाचं डोकं उडालेलं, कोपऱ्यात त्याचंच बोट आलेलं, जमीन इतकी तिरपी की बैलजोडी आता घसरते की मग, असं वाटायचं. सूर्य नेमका माणसाच्या पाठीमागे आणि माणूस काळाठिक्कर. मावळतीचे तर त्याने इतके फोटो काढले की शेवटी मी म्हणायची, "सूर्य उद्याबी मावळनार हाय, तुमी जेवून घ्या."

पण त्याला मनापासून हवा होता तो एकच फोटो. त्याच्या बापाचा, एकट्याचा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे जगदेव, एकटे कधी फोटोला उभे राहत नसत. त्यांच्या थोरल्या भावाने तरुणपणी कारंज्याला स्टुडिओत बसून हौसेने एकट्याचा फोटो काढून घेतला होता. तो फोटो घरी यायच्या आतच भाऊ विहिरीत पडून गेला, आणि फोटो आला तो थेट हार घालायच्या कामी. तेव्हापासून मामाजींच्या मनाने घेतलं की एकट्याचा फोटो म्हणजे हाराचा फोटो. "काहून, हार घालाचा हाय का मले?" असं ते हसत म्हणायचे, पण डोळे हसायचे नाहीत. आधार कार्डाचं काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो सरकारनं काढला. आपून थोडाच काढला!"

म्हणून हरीओमने मोबाइल वर केला की मामाजींचा हात आपोआप बाजूला जायचा आणि जे सापडेल ते ओढून घ्यायचा. कधी माझी लेक संस्कृती, कधी दावणीचं वासरू. पण बहुतेक वेळा सापडायच्या त्या माझ्या सासूबाई, पंचफुला. "ये वं इकडे," म्हणत ते त्यांना दंडाला धरून ओढायचे. "सोडा ना, माह्या हाताले पीठ हाय," म्हणत त्या उभ्या राहायच्या आणि फोटो निघाला की परत चुलीकडे वळायच्या. आपला फोटो कसा आला हे बघायला त्या कधी थांबल्या नाहीत.

वर्षं गेली तसा हरीओमचा हात बसत गेला. अकोल्याहून जुना कॅमेरा आणला. रोज दुकान बंद करून आला की मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ बघायचा आणि सकाळी माझ्यावर त्याचे प्रयोग करायचा. भर दुपारच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात, आणि तेच माणूस ओसरीच्या दारात बसवलं तर चेहरा कसा मऊ उजळतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. आधी तो फोटोतला हिरवा रंग असा वाढवायचा की सोयाबीनवर पोपट बसलेत असं वाटावं. ते वेड हळूहळू सुटलं. आधी शंभर काढायचा आणि शंभरही दाखवायचा. मग एक दाखवायला लागला. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्याच्या थांबण्याचं. जेवायच्या ताटावर दोन मिनिटं न थांबणारा हा माणूस एका धनेश पक्ष्यासाठी सकाळभर बाभळीखाली बसून राहायचा.

मग एक महागाची लेन्स आली. तिच्यात जवळचं माणूस लख्ख दिसायचं आणि मागचं सगळं धुक्यात गेल्यासारखं विरघळायचं. त्या लेन्सवर तो इतका खूश होता, कारण बापाची सोय लागली होती. "बाबा एकटे येत नाहीत ना," तो मला म्हणाला, "तर आता म्याच त्याइले एकटं करतो." आणि केलंही. मामाजी पुढे, एकेक सुरकुती मोजावी इतके स्पष्ट, आणि शेजारी ओढून आणलेलं जे कोणी असेल ते धुक्यात. मामाजींना वाटायचं आपण दोघं आलो. हरीओमला वाटायचं बाप एकटा सापडला. दोघेही समाधानी होते, आणि मीही त्यात काही वावगं बघितलं नाही.

त्याच सुमारास पोहरादेवीच्या यात्रेत त्याने एका म्हाताऱ्या बंजारा बाईचा फोटो काढला. बाई झाडाखाली बसलेली, चांदीचे दागिने कानांवरून लोंबतायत आणि ती उन्हाकडे बघतेय. वाशीमच्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तो मोठा करून घरी आणला तेव्हा सासूबाईंनी पदराला हात पुसून तो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"कोनाची माय हाय व्हय हे?"

"का माहीत. यात्रेत भेटली."

"लय चांगली निघाली." मग फोटो हातातच धरून म्हणाल्या, "आमच्यासारखीबी अशीच निघते काय रे?"

"निघते ना वं माय. उजेड चांगला असला की काढू एक दिवस."

"हाव," त्या म्हणाल्या आणि फोटो जपून परत दिला.

उजेड तर रोज असतो. आमच्या ओसरीच्या दारात सकाळी जो उजेड येतो तो हरीओमच्याच म्हणण्याप्रमाणे जिल्ह्यात कुठे नाही, आणि त्याच दारात बसून त्या रोज तांदूळ निवडायच्या. पण घरचं माणूस कुठे जातंय, असं सगळ्यांनाच वाटतं.

मागच्या मार्गशीर्षात त्या गेल्या. तुरी भरत आल्या होत्या. सकाळी चहा ठेवताना छातीला हात लावून खाली बसल्या आणि वाशीमच्या वाटेवर गाडीतच सगळं संपलं. मला आईपेक्षा जवळच्या होत्या, एवढंच सांगते. जास्त सांगायला गेले तर पुढचं राहून जाईल.

तेरवीला पाटावर फोटो लागतो. सगळे म्हणाले, हरीओमच्या घरी काय फोटोला तोटा. तोही तसाच कॉम्प्युटरपुढे बसला. मी शेजारी बसले होते. एक उघडला: मामाजी लख्ख, सासूबाई धुक्यात. दुसरा, तिसरा, तसाच. पोळ्याचा, दिवाळीचा, संस्कृतीच्या वाढदिवसाचा. लुगड्याचा रंग ओळखू यायचा, उभं राहण्याची ढब ओळखू यायची, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळसर डाग. जितका फोटो चांगला तितकी त्याची आई कमी. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या अक्षता वाटताना पाठमोऱ्या होत्या. आधार कार्डावरची बाई कोण आहे हे तर त्यांना स्वतःलाही ओळखू आलं नसतं. हरीओम फोटो पुढे ढकलत राहिला, मग त्याचं बोट थांबलं. "निकिता," तो म्हणाला, "म्या पुसली वं तिले." आणि लहान पोरासारखा रडला. त्याला गप्प करायला गेले आणि मीही रडले.

दुसऱ्या दिवशी मला तो पहिला मोबाइल आठवला. फुटक्या काचेचा, कपाटात कपड्यांखाली पडलेला. त्याचं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. तेच सगळे फोटो, तिरपी जमीन, उडालेली डोकी. आणि त्यांत एक सापडला. अंगणात सासूबाई, एका हातात सूप कलंडलेलं, डोक्यावरचा पदर मागे घसरलेला, आणि तोंड उघडून हसतायत. इतक्या हसतायत की पडलेला दात दिसतोय. मामाजींनी त्यांना दंडाला धरून ओढलंय, पण हरीओमने मामाजींचं डोकं नेहमीप्रमाणे उडवलं होतं. फोटोत होता तो फक्त त्यांचा हात. कोपऱ्यात हरीओमचं बोटही होतं. त्या मोबाइलला धुकं करता येत नव्हतं, म्हणून सगळं दिसत होतं, मागची भिंत, सूप, सासूबाई.

बोट कापून टाकता आलं. हात कापता येईना, कारण तो सासूबाईंच्या दंडावरच होता. आणि जित्या माणसाचा काही अंश हार घातलेल्या फोटोत ठेवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण हरीओमचा हात आता तयार होता. दुपारभर बसून त्याने हात पुसला, त्या जागी लुगड्याचा पदर आणि दंडावरचं गोंदण असं भरलं की कुणाला पत्ता लागू नये. मग कॉम्प्युटर ओसरीत नेऊन बापाला दाखवला.

मामाजी खूप वेळ बघत राहिले. "एथं माहा हात होता," ते म्हणाले. त्यांना तो दिवस आठवत होता.

"पुसला, बाबा. हाराच्या फोटोत जित्या मानसाचा हात चालत नाही."

"हात पुसला," मामाजी म्हणाले, "मंग ते कायले हासून राह्यली?"

हरीओमने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. मीही फोटोकडे नीट बघितलं. खरंच, सूप कलंडलेलं, पदर घसरलेला आणि एक बाई अंगणात एकटीच कशाला तरी हसतेय, असं ते दिसत होतं.

"राहू दे हात," मामाजी म्हणाले. बोलताना त्यांनी आपला हात पाठीमागे नेला. भीती गेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

मालेगावात कस्तुरचंद शेठचा मुलगा अर्हम काचा-फ्रेमचं दुकान चालवतो. त्याने फोटो बघितला आणि हातातली पट्टी खाली ठेवली. "हरीओमभाऊ, काका जिते हायेत ना! ह्यो हात निंगत नाही काय? मी काढून देतो पाहा."

"निंगते," हरीओम म्हणाला. "म्याच काढला होता. तू तसाच बसव."

फ्रेम वहीच्या पानाएवढी झाली. त्याहून मोठा केला की तो जुना फोटो चौकोनी ठिपक्यांत फुटत होता.

तेरवीच्या दिवशी ओसरीच्या दारातच पाट मांडला, सकाळच्या उजेडात. जागा हरीओमने निवडली. झेंडूचा हार त्यानेच घातला, आणि फ्रेम लहान असल्यामुळे हार नेमका त्या हातावरून गेला. बसलेल्या लोकांत कुजबुज झाली. मामाजींचे जुने मैतर रतनसिंग मानोऱ्याहून आले होते. त्यांना राहवलं नाही.

"जगदेव, हार तुह्या हातावर पडून राह्यला. बरं नाही ते. बाजूले घे."

मामाजी उठले. गुडघ्यावर हात ठेवून फोटोपुढे वाकले. मला वाटलं, आता घाबरून हार वर उचलतील, आणि उचलला असता तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी हाराची ती बाजू दोन बोटांनी धरली आणि फ्रेमच्या मागे सारली, म्हणजे हार राहिला आणि हात पूर्ण उघडा झाला. सासूबाईंच्या दंडावर घट्ट धरलेला, बोटंन्‌बोटं दिसणारा.

"झाकू नका," ते म्हणाले. "जल्मभर म्याच ओढून आनली तिले फोटोत. आता सोडू काय?"

मग ते फोटोला लागूनच खाली बसले.