देवीची वाट आणि सरांची स्वारी

ज्याने आपल्याला चालायला शिकवले, त्याचीच वाट चुकली आहे असे सांगण्याची पाळी शिष्यावर येते, तेव्हा धर्म दोन्ही बाजूंना उभा असतो आणि कोणत्याही बाजूने हात धरून नेत नाही. सांगावे तर कृतघ्नता, न सांगावे तर असत्य. थोर माणसे अशा वेळी मौन धारण करतात म्हणे. परंतु ज्यांना प्रबंध सादर करायचा असतो, त्यांना तीही सोय नसते.

प्राचीन इतिहासाच्या एका संशोधनसंस्थेत नकाशाताईंची हीच गत झाली होती. नकाशाताई हे त्यांचे नाव नव्हे. मेलेली नगरे संगणकावर जिवंत करण्याच्या व्यासंगाबद्दल सहकाऱ्यांनी त्यांना दिलेली ती पदवी होती. एका रोमन नगरीत देवीची मूर्ती दरवर्षी नदीकाठच्या देवळातून टेकडीवरच्या देवळात मिरवत नेत, ती कोणत्या रस्त्याने, हा त्यांचा विषय. प्रबंध लिहून झाला होता. हत्ती गेला होता, शेपूट राहिले होते. आणि ते शेपूट म्हणजे मार्गदर्शक सरांची सही. सर महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे या विषयाला वाली नव्हता.

अडचण अशी, की देवीचा मार्ग सरांनी आपल्या तारुण्यातच निश्चित करून टाकला होता: नगरद्वारातून आत, आणि रुंद फरसबंद राजरस्त्याने नाकासमोर टेकडीवर. त्यावर त्यांचा ग्रंथ होता, ग्रंथाला मान होता, आणि सरांच्या पाठीमागे सारी संस्था त्यांना ‘सरळमार्गी’ म्हणत असे. नकाशाताईंनी मात्र उत्खननात सापडलेल्या भिंती, रस्त्यांच्या रुंदी आणि जमिनीचे चढउतार संगणकात भरले, आणि कमीत कमी श्रमाची वाट कोणती ते त्याला विचारले. संगणकाने तिळमात्र संकोच न करता देवीला मागच्या गल्लीत वळवले. त्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक शौचालय होते आणि पुढे परिटांची दुकाने. परिटांच्या दारात रांजण ठेवलेले असत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यांत मूत्रदान करावे अशी अपेक्षा असे, कारण त्या काळी कपडे त्यानेच उजळत.

“म्हणजे तू देवीला मुतारीवरून नेलंस?” घरी आईने विचारले.

“मी नाही गं. संगणकानं.”

“हो, आणि लहानपणी दूध मांजरानं सांडलं होतं. सरांना सांगितलंस?”

“उद्या सांगणार आहे.”

“मग मुतारीचं आधी सांग. म्हणजे पुढचं काही त्यांना ऐकूच जाणार नाही.”

मातृवचन प्रमाण मानून नकाशाताई दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेल्या. तेथे एका रोमन सम्राटाचे प्लास्टरचे मस्तक होते, आणि सर त्याच्यावर आपली टोपी ठेवत. सरांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

“हे काय चाललंय? देवी आहे का पळून निघालेली सून? मागच्या दारानं, तोंड लपवून?”

“सर, तिकडून चढ कमी आहे.”

“चढ! अगं, तुझ्या संगणकानं जन्मात कधी कुणाला खांदा दिलाय का?”

नकाशाताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संगणकाने मोजलेले श्रम मोकळ्या हातांनी चालणाऱ्या एकट्या माणसाचे होते. नकाशे करणाऱ्यांच्या जगात माणूस नेहमी एकटाच चालतो, त्याच्या खांद्यावर कधी काही नसते आणि त्याला पोहोचण्यावाचून दुसरे काम नसते. चूक नकाशाताईंची होती.

“सर, करूनच बघू या,” त्या म्हणाल्या. “आपल्या आवारात फाटकापासून ग्रंथालयापर्यंत ओझं उचलून नेऊ. चढावर किती दमतो, वळणावर किती अडतो ते मोजू, आणि ते संगणकाला देऊ.”

“राजरस्ता आला तर?”

“प्रबंध बदलीन.”

“आणि तुझी ती मुतारी आली तर?”

“सही कराल?”

सरांनी सम्राटाच्या डोक्यावरची टोपी उगाच सरळ केली. “करीन. पण मूर्तीएवढं ओझं आणणार कुठून?”

ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या. “मूर्ती किती वजनाची धरली आहे?”

“चौथऱ्याच्या मापावरून, साधारण एका भरल्या अंगाच्या माणसाइतकी,” नकाशाताई म्हणाल्या.

मग कोणीही सरांकडे पाहिले नाही. त्यावरूनच सर काय ते समजले.

एका फळीला दोन दांडे बांधले, फळीवर खुर्ची आवळली आणि खुर्चीवर सर विराजमान झाले. वाट टिपत राहावी म्हणून नकाशाताईंनी त्यांच्या खिशात आपला फोन ठेवला. वाहक चार: ग्रंथपालबाई, संगणकांचा तंत्रज्ञ आणि अर्थशास्त्राचे दोन अध्यापक.

“सरळ घ्या,” देवीने आज्ञा केली.

सरळ रस्ता गोदामाची पाठ आणि कुंपणाची भिंत यांच्यामधून जात होता. अर्ध्या वाटेत तंत्रज्ञाचा पाय घसरला आणि आसन कलंडले.

“सर, धरा!”

“धरलंय! पुन्हा पहिल्यापासून!” सर गरजले. रोमन विधींचा दंडकच तसा होता: मिरवणुकीत वाहक अडखळला वा बासरी थांबली, तर सारा सोहळा आरंभापासून. सरांच्या ग्रंथात त्यावर अख्खे प्रकरण होते.

“हे तुम्हीच कशाला लिहून ठेवलंत?” तंत्रज्ञ पुटपुटला.

दुसऱ्या खेपेस सरांचा सूर पालटला. “इकडून नको. कार्यालयावरून घ्या. हळू. हं, थोडं थांबा.” कार्यालयाच्या खिडक्यांत डोकी गोळा झाली. सरांनी हात उंचावला, टाळ्या पडल्या. पुढे वर्गखोल्यांवरून, तेथून उपाहारगृहाला वळसा. वाहकांच्या जिभा बाहेर आल्या.

“सर, ग्रंथालय त्या बाजूला आहे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“ग्रंथालय कुठं पळून जात नाही. तिकडे गर्दी कसली दिसतेय?”

“स्वच्छतागृहाची रांग आहे.”

“मग घ्या की तिकडून!”

स्वारी अखेर ग्रंथालयाच्या पायरीशी टेकली. नकाशाताईंनी सरांच्या खिशातला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावरची रेघ साऱ्या आवारभर वेटोळी घालीत गेली होती.

“सर, दुसऱ्यांदा सरळ का नाही गेलात?”

“तिथं होतं कोण बघायला? नुसत्या भिंती...”

वाक्य तेथेच अडखळले. सरांनी रेघेकडे पाहिले, मग खुर्चीकडे. वाहकांपैकी कोणी हसले नाही; एकतर भान होते, आणि दुसरे म्हणजे दम नव्हता.

“राजरस्त्याला खिडक्या किती आहेत?” सरांनी हळूच विचारले.

“दोन्ही बाजूंना कोठारं आहेत, सर. रस्त्याकडे पाठ करून. मी संगणकाला चुकीचं विचारलं. देवी पोहोचायला निघतच नव्हती. ती दिसायला निघत होती.”

त्या दोघांनी मग प्रश्न बदलला. कोणत्या रस्त्यावरून गेल्यास अधिकाधिक दारांखिडक्यांतून मूर्ती दिसेल, ते संगणकाला विचारले. तो घुरघुरत राहिला आणि पडद्यावर नवी रेघ उमटली: बाजारातून, घरांच्या दाटीतून, तीन वेळा मागे वळणारी. राजरस्ता तिने ओलांडला तेवढा.

“आणि मुतारी?” सरांनी विचारले.

“आहेच, सर. परिटांची अख्खी वस्ती तिथं राहायची.”

“आणि रांगही असणार,” सर म्हणाले. “माझ्या पुस्तकाचा निकाल लागला म्हणायचा.”

“‘पुन्हा पहिल्यापासून’चं प्रकरण शाबूत आहे, सर.”

सरांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी सही केली. आणि मग, टोपी उचलताना, सम्राटाचे तोंड भिंतीकडून वळवून खिडकीकडे केले.

वाहणाऱ्यांचे खांदे लवकर निवोत. उंचावर बसलेल्याला खाली टेकण्याची घटका गोड लागो. आणि ज्यांच्या दारावरून कोणतीही स्वारी गेली नाही, त्यांच्या खिडकीशीही एखादा देव क्षणभर थांबो.