टेपनं मोजलेली नागीण

"पहिला फोड दिसला की घड्याळ बघायचं. बहात्तर तासांच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं ते मावससासूंच्या वेळी. त्यांना उशीर झाला, आणि नागीण गेल्यावरही वर्षभर अंगाला कापड लागू देववलं नाही. सुनेच्या कानात ते बोल जसेच्या तसे होते. पण सासूबाई पडल्या टेलर. चाळीस वर्षं माणसं मापात धरलेल्या. कमरेवर फोडांची ओळ उठली तशी त्यांनी घड्याळ न बघता टेप काढला. विळखा पुरा झाला की माणूस गेलं, एवढंच त्यांना ठाऊक.

गुरुवारी दुपारी मशीन मध्येच थांबलं, तेव्हा सुनेला कळलं.

"कधी उठली, आई?"

"सोमवारी दिवेलागणीला. घाबरतेस काय? तोंड-शेपूट भेटायला अजून सतरा इंच आहेत."

"ती इंचांवर नाही हो चालत, तासांवर चालते."

म्हणजे हातात जेमतेम सहा तास. सुनेनं त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिले, किडनीचा रिपोर्ट पाहिला. "दोन गोळ्या आहेत. एक दिवसातून पाच वेळा, एक तीन वेळा. तीन वेळाची अंगी जास्त लागते, दुखणंही जरा लवकर उतरतं. तीच लिहिते."

मेडिकलवाल्यानं खण उघडले, मिटले. "उद्या सकाळी येईल."

सुनेनं तिथूनच फोन लावला.

"थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाच वेळाची आत्ता सुरू करा. उद्याच्या चांगल्या गोळीपेक्षा आजची बरी. पण एकही वेळ चुकवायची नाही. कबूल?"

"कबूल. पण मावशींसारखं...?"

"वेळेत घेतली तर शक्यता कमी. शब्द नाही देता येत."

सव्वापाचला पहिली गोळी पोटात गेली.

"पाच वेळा?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी जेवलीस का म्हणून जन्मात पाचदा विचारलं नसेल. मी विसरणार, आधीच सांगून ठेवते."

"तुम्ही खुशाल विसरा. हा नेम माझा."

शुक्रवारी सकाळची गोळी देऊन सून लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामावर आली. निघताना सासूबाई हलकेच म्हणाल्या होत्या, "झंपर बोचतोय गं." नुसते फोड दुखत होते, की मावशींचं ते हेच? एक कॉलर तिनं दोनदा इस्त्री केली. इस्त्री करताना रोज चालणाऱ्या नामस्मरणातही मन ठरेना.

साडेदहाला तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"कुठे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"घरी. अकराची गोळी आहे. तीनलाही जाईन."

"रोज?"

"सात दिवस. माझ्या जेवणाच्या सुट्टीतून कापा."

तिनं चपला पायात सरकवल्या आणि पायरी उतरून घराच्या दिशेनं चालू लागली.