दवाखान्याच्या फेरीचं भाडं

आमच्या गावातून बाहेर पडायचे रस्ते दोन. एक सकाळची एसटी. ती रात्री मुक्कामाला येते, शाळेच्या भिंतीला लागून झोपते आणि उजाडलं की दुसरबीड, सिंदखेड राजा करत जालन्याला जाते. दुसरा रस्ता म्हणजे महादेवरावांची गाडी. तशा चारचाक्या गावाच्या नावावर आणखीही आहेत, पण त्यांचे मालक पुण्यात राहतात आणि गाड्या दिवाळीला दर्शन देतात.

फटफट्या घरोघर आहेत. पोरं म्हणतात, फटफटीनं वेळ वाचतो. वाचलेला वेळ ती दुसरबीडच्या पानटपरीवर खर्च करून येतात. बाया एसटीनं जातात. तिकीट अर्धं लागतं हे कारण त्या सांगतात, आणि तासभर कोणी हाक मारत नाही हे सांगत नाहीत. पुंजाजी म्हाताऱ्याला एसटी फुकट झाल्यापासून सिंदखेडला फार कामं निघू लागली. परत येऊन काय काम होतं म्हणून विचारावं, तर म्हातारा म्हणतो, "काम नोतं, म्हून त लवकर आलो."

पण फटफटीवर आजारी माणूस बसत नाही, बाळंतीण बसत नाही. तिथे महादेवरावांची गाडी लागते.

महादेवराव मोठे कास्तकार. माणूस सढळ हाताचा. हाक मारली की ताटावरून उठून येतील, स्वतः गाडी चालवतील, दवाखान्यात ओळख काढून पेशंटला पलंग मिळवून देतील. आणि पैसे घेणार नाहीत. आमच्याकडे दवाखान्याच्या फेरीचे पैसे घेत नाहीत आणि कोणी देऊही करत नाही. डिझेलचं नाव काढणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर त्याला ड्रायव्हर म्हणणं. मग फेडायचं कसं? कोणी हंगामात हुरडा पाठवतो, कोणी आंबे. महादेवरावांच्या घरून पिशवी रिकामी कधी परत येत नाही. हुरड्याची गेली तर गुळाची भरून येते. म्हणजे फेडायला जावं तर बोजा वाढतो. त्यावर गावानं आपला एक उपाय काढला होता: ज्याच्या गाडीत आपलं माणूस दवाखान्यात गेलं, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. हे कोणी ठरवलं नाही, कुठे लिहिलं नाही, आणि ग्रामपंचायतीच्या कुठल्याही ठरावापेक्षा चोख पाळलं जात होतं.

महादेवराव मनानं वाईट नाहीत, हे पुन्हा सांगतो. फक्त नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला ते म्हणायचे, जरा धुऱ्याला चिकटून घे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. चिकटून घेता घेता धुरा सरकतो. एका वर्षात दिसत नाही. दरसाल सरकला की शेजारच्याच्या वावरातून तूर काढताना लक्षात येतं की एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, कमी पडलं.

शेजारचं वावर गोविंदाचं. गोविंदा आणि त्याची बायको गीताबाई. मुलगी लग्न करून लोणारकडे दिलेली, घरात दोघंच. गोविंदाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं; गावात त्याला रक्त धुवायला जाणं म्हणतात. वावरात राबायला आता एकटी गीताबाई, आणि गोविंदाच्या मागे तिच्या हातात राहणार ते तेवढं वावरच. म्हणून तिनं मोजणीचा अर्ज केला. महादेवरावांना नोटीस गेली. त्यांनी ती वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली.

मोजणीचं असं आहे, की यंत्र हद्द दाखवतं, पण दगड माणसं रोवतात. शेजाऱ्यानं सही दिली तर प्रकरण एका दिवसात मिटतं. हरकत घेतली तर अपील, फेरमोजणी, पुन्हा अपील. गोविंदाकडे तेवढा काळ नव्हता, आणि हे गीताबाईला डॉक्टरपेक्षा आधी कळलं होतं.

त्या गाडीत बसलं, की धुऱ्याबद्दल तोंड उघडता येणार नव्हतं. म्हणून ती एसटी सोडत नव्हती. दर फेरीला गोविंदाला आधी शाळेच्या ओट्यावर बसवायची, मग वाहकाला सांगून दाराजवळची सीट धरायची, मग त्याला काखेत हात घालून पायऱ्या चढवायची. कधी त्याच वेळी महादेवराव जालन्याला निघालेले असत. गाडी थांबवून काच खाली करत. चला, मी तिकडंच चाललो, म्हणत. गीताबाई म्हणे, बसलो आता भाऊ, तिकीट काढलं. तिकीट काढलेलं नसे.

लोक म्हणत, काय बाईचा ताठा. कोणी म्हणे, अर्ध्या तिकिटाची हाव सुटत नाही. झुंबरबाई तिची शेजारीण. तिनं एकदा तोंडावर विचारलं, की नवऱ्याला असा खडखडत नेतेस, थंड हवेच्या गाडीत काऊन बसवत नाहीस? गीताबाई म्हणाली, "यष्टीतून उतरलं का यष्टी आपल्याले वळखत नाही. मले तेच पाह्यजे."

मोजणीची तारीख जवळ आली असताना, एका दुपारी गोविंदाला दम लागला. मधल्या सणामुळे एक फेरी चुकली होती, अंगात पाणी चढलं होतं. ओठ निळे पडले. सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, परत आली की निघेल असं उत्तर आलं. एसटी सकाळीच गेलेली. गीताबाई उंबऱ्यात उभी राहिली. समोर, चार घरं सोडून, लिंबाखाली महादेवरावांची पांढरी गाडी उभी होती. पाहणाऱ्यांनी पाहिलं, की बाई उभी राहिली ती फार वेळ नाही. पदर खोचला आणि त्या घराकडे चालत गेली. पळाली नाही, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

महादेवराव लगेच उठले. गोविंदाला त्यांनी स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवलं. गाडी अशी हाकली, की खड्ड्यात आपटली नाही आणि कुठे रेंगाळली नाही. यात खोट काढायला जागा नाही.

गाडीत काय बोलणं झालं ते पुढे गीताबाईनंच चारचौघांत सांगितलं, म्हणून आम्हाला माहीत. सिंदखेड राजा मागे पडल्यावर गोविंदानं डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे त्यानं आधी सीटच्या कव्हरला हात लावून पाहिलं. मग पुढे वाकायचा प्रयत्न करत म्हणाला, "महादेवभाऊ, तो धुरा तुमीच ठिवा. आता वाद नाही." तुटक तुटक बोलला, पण पुरतं बोलला. महादेवरावांनी आरशात पाहिलं. काही म्हणाले नाहीत. गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली.

गीताबाईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. इतके दिवस ज्यासाठी तिनं त्याला पायऱ्यांवरून चढवलं-उतरवलं, ते त्यानं एका वाक्यात देऊन टाकलं. ती त्याच्यावर रागावू शकली नाही, कारण तो मरायला टेकला होता. महादेवरावांवर रागावू शकली नाही, कारण तेच त्याला वाचवायला नेत होते. ती खिडकीबाहेर पाहत बसली.

गोविंदा वाचला. चार दिवसांनी घरी आला, एसटीनं.

गावानं हिशोब आपल्यापुरता मिटवून टाकला. गाडीत बसली, आता अर्ज मागं घेणार. महादेवरावांनीही तसंच धरलं असावं, कारण मोजणीच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून, हसत, सगळ्यांसाठी चहाचा थर्मास घेऊन वावरात आले. पंच म्हणून पुंजाजी आणि आणखी तिघं होते. त्यांच्यापैकी एकाचंही घर असं नव्हतं, ज्यातलं कोणी त्या गाडीत बसलेलं नाही. पुंजाजीच्या सुनेचं पहिलं बाळंतपण तर गाडी वेळेवर पोचली म्हणूनच निभावलं होतं. धुऱ्याचा जुना दगड कुठे होता हे म्हाताऱ्याला तोंडपाठ, पण मोजणीचा अर्ज झाल्यापासून त्याला ऐकू कमी येऊ लागलं होतं.

गोविंदा बाभळीखाली सतरंजीवर टेकून बसला होता. मोजणीचा साहेब तरुण होता. काठीवरचं यंत्र उभं करण्याआधी त्यानं विचारलं, की प्रकरण आपसांत मिटल्याचं गावात कळलं, खरं का?

सगळे गीताबाईकडे पाहू लागले.

ती म्हणाली, "मिटलं साहेब. धुरा महादेवभाऊचा. मले तक्रार नाही. फक्त मिटलं कसं, ते कागदावर ल्याहा. आमच्या यायले दम लागला, भाऊनं जालन्याले नेलं, जीव वाचवला. गाडीत यायनं सांगितलं, का धुरा तुमी ठिवा. त्या फेरीचं भाडं म्हून देला, असं ल्याहा."

साहेबाला यात विशेष काही वाटलं नाही. तो कागद काढू लागला. पण पंचांमध्ये हालचाल झाली. एकानं चहासाठी पुढे केलेला रिकामा पेला खाली ठेवला.

महादेवरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "गीताबाई, भाडं कायचं? म्या तुमाले भाडं मांगितलं का?"

"नाही मांगितलं."

"मंग?"

"यायनं देलं, तुमी नाही म्हनले नाही. नाही म्हनले असते त तो उपकार राह्यला असता भाऊ, अन् म्या जलमभर मानला असता. तुमी गप राह्यले. गप राहून घेतलं त भाडंच झालं ना?"

तिचा आवाज चढला नाही. पदराचं टोक मात्र तिनं घट्ट धरलं होतं.

मग पुंजाजी खाकरला. वयानं तो महादेवरावांच्या बापाच्या बरोबरीचा. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर म्हणून तो त्यांना एकेरी हाक मारायचा, पण अलीकडे ते त्यानं सोडलं होतं. त्या दिवशी पुन्हा धरलं.

"महादू," तो म्हणाला, "मंग माह्या सुनेच्या फेरीचं भाडं काय झालं, तेही सांगून टाक बापा. मले ते देल्याशिवाय मरता येत नाही."

यात टोमणा किती आणि खरं विचारणं किती, हे आजही सांगता येत नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्याच्या डोळ्यांत नेहमीच असतं.

महादेवराव धुऱ्याकडे पाहत उभे राहिले. त्यांच्यापुढे आता दोन गोष्टी होत्या. धुरा घ्यावा, तर गेल्या कित्येक वर्षांच्या सगळ्या फेऱ्या भाड्याच्या ठरणार, आणि ज्यानं त्यानं आपापलं भाडं विचारून मोकळं व्हायचं. न घ्यावा, तर धुरा गेला. गावाच्या मुकाट्यानं बसण्यावर ज्याचा एवढा पसारा उभा, त्याला मातीच्या पट्ट्यापेक्षा ते बसणं महाग. महादेवराव हिशोबाला कच्चे नव्हते. पण नुसता हिशोबच केला असं म्हणणं अन्याय होईल. त्यांनी एकदा बाभळीखाली गोविंदाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, आपणच काही चोरलं असल्यासारखा.

"मोजा साहेब," महादेवराव म्हणाले. "मशीन दाखवन तिथं दगड लावा. म्या कोनापासून भाडं घेत नाही."

यंत्रानं दाखवलेली जागा आणि पुंजाजीनं जुन्या दगडाची म्हणून काठी टेकवलेली जागा यांत फार अंतर निघालं नाही. दगड रोवले गेले. महादेवरावांनी सही केली, थर्मास उचलला आणि गेले. चहा तसाच होता.

इथं गोष्ट थांबवता आली असती, तर गीताबाई जिंकली असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्यानंतर पांढरी गाडी लिंबाखालून हलेना. कोणी बोलावायला गेलं, की बॅटरी उतरलेली असे, नाहीतर महादेवरावांची कंबर धरलेली असे. खोटं म्हणता येत नाही; त्या वयात कंबर धरते. लोक ओशाळून परत येत, आणि राग गीताबाईवर निघे. झुंबरबाईच्या नातवाला ताप चढला तेव्हा ती पोराला कडेवर घेऊन सकाळच्या एसटीपाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुह्या धुऱ्यापायी गावची गाडी गेली." गीताबाईनं सरकून तिला जागा दिली. झुंबरबाई बसली, पण तोंड खिडकीकडे करून.

गोविंदा दाराजवळच्या सीटवर होता. आता तो फार वाळला होता. पायऱ्या चढवताना गीताबाईला पूर्वीएवढा जोर लागत नव्हता, आणि याचं तिला बरं वाटत नव्हतं. दुसरबीड मागे पडल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मले पुन्हा तसा दम लागला, त गाडी कोनाची सांगशील?"

"त्याइचीच," गीताबाई म्हणाली.

"अन् नाही आले मंग?"

"म्या जाऊन सांगीन. यायचं का नाही, ते त्याइनं पाहावं."

गोविंदानं यावर विचार केल्यासारखं केलं. मग त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. चारचौघांत आमच्याकडे नवरा असं करत नाही. एसटी भरलेली होती. कोणी पाहिलं, कोणी पाहून न पाहिल्यासारखं केलं. वाहक तिकिटं फाडत जवळ आला, उभा राहिला, आणि त्याला जागं न करता पुढच्या सीटकडे गेला.