कोटाखालची ओळ

शिंपीकामाचं दुकान रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून लेक सकाळीच जाऊन कैच्या, टेपा, दोऱ्याची रिळं एका खोक्यात भरून घेऊन आली. खोक्याच्या तळाशी, अस्तराच्या कापडात गुंडाळलेला मास्तरांचा टॅब होता.

"टेबलाच्या खणात सापडला गं. आठ महिने तसाच पडून होता. चार्जिंगला लावू?"

मास्तरीणबाईंनी सुई उशीत खोचली आणि नुसती मान हलवली.

मास्तर दुकानात मापं घेत, कापड कापत. बाई घरी शिवत. पूर्वी मापाची चिठ्ठी कापडाला टाचून यायची. पुढे लेकीने दुकानातला टॅब आणि आईचा फोन एकाच खात्याला जोडून दिला. मास्तर तिकडे लिहीत, ते इकडे उमटे. छाती, खांदा, बाही, आणि सगळ्यात खाली बाईंसाठी एक ओळ. 'गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं होतं, दोन इंच सोड.' 'डोळे दुखत असतील तर काजं उद्या कर.' बाईही तिथेच उत्तर लिहीत: 'माझ्या डोळ्यांचं राहू द्या, तुम्ही जेवायला या.'

काम झालं की बाई ते सगळं पुसून तिथे 'दिला' एवढंच लिहीत. कपडा गेल्यावर टाचलेली चिठ्ठी फाडायची, त्यातलीच ही सवय. त्यामुळे मास्तर गेले तेव्हा इतक्या वर्षांतली त्यांची एक ओळसुद्धा बाईंकडे उरली नव्हती. शोधून शोधून थकल्या. जिकडे तिकडे आपलं 'दिला', 'दिला'.

दुपारी टॅब उजळला. त्यांचं शेवटचं काम यादीत पहिलंच होतं. प्राध्यापकांचा कोट. त्या दिवशी दुकानातलं नेट बंद होतं, त्यामुळे तेव्हा लिहिलेलं बाईंच्या फोनवर आलंच नव्हतं. बाई घरी कोटाला बाही जोडत होत्या, तेव्हा शेजारचा चष्मेवाला सांगायला धावत आला, मास्तर टेबलावरच कोसळले. कोट पुढे महिन्याभराने बाईंनीच पुरा केला.

यादीत कोटाच्या नावाखाली बारीक अक्षरांत शेवटी लिहिलेल्या ओळीची सुरुवात दिसत होती. लेकीने वाचली, "आज कोट राहू दे, तू..."

"तू काय?"

"पुढचं आत आहे. उघडू?"

बाईंनी चटकन तिचा हात धरला. "थांब. त्यांचं लिहिलेलं मी कायम माझ्याच फोनवर वाचलंय. तिकडे येऊ दे. मी चष्मा पुसून घेते."

"तुझे लाड म्हणजे ना!" लेक हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात कुणी हसलं होतं. तिने टॅब घरच्या नेटला जोडला.

बाई पदराने चष्मा पुसून फोन हातात घेऊन बसल्या. नव्या नवरीसारख्या ताठ. फोनवर काही हललं नाही. टॅबवरची ओळ मात्र थरथरली, आणि तिच्या जागी एकच शब्द आला.

दिला.

लेकीचा चेहरा उतरला. "आई... कोट दिल्यावर तू पुसलं होतंस?"

"नेहमीसारखं."

"तुझं नंतरचं होतं गं. नंतरचं तेच खरं धरतं हे, आधीचं टाकून देतं. आधी उघडायला हवं होतं. मला कसं सुचलं नाही!" तिने टॅब उलटापालटा केला, नेट तोडलं, पुन्हा जोडलं. मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तोही म्हणाला, गेलं ते गेलं.

"तू कशाला रडतेस?" बाई म्हणाल्या. "थांब मीच म्हणाले ना? चहा टाक जा."

लेक आत गेली. 'तू जेवून घे' असेल, बाईंना वाटलं. नाहीतर 'तू दुकानात ये'. छातीत कळ आली असेल, म्हणून बोलावलं असेल का? आणि आपण इकडे बाहीला चुण्या पडू नयेत म्हणून जीव टाकत बसलो होतो.

बाईंनी फोनवर कोटाचं पान उघडलं. 'दिला'च्या खाली, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'कोट ठेवला बाजूला. सांगा.'

समोरच्या टॅबवर ती ओळ लगेच उमटली. एका अक्षराचाही फरक नव्हता.

स्वयंपाकघरातून लेकीने विचारलं, "आई, साखर किती?"

बाई टॅबकडे बघत बसल्या होत्या.